ऑथेल्लो
विल्यम शेक्सपिअरची (१५६४–१६१६) पाच अंकी शोकात्मिका. लेखनकाळ सु. १६०३–०४. कथाबीज चिंथिओ या इटालियन लेखकाच्या कथेतले. व्हेनिसचा मूर सेनापती ऑथेल्लो आपल्या हाताखालच्या कॅशिओला बढती देतो. डावलला गेलेला त्याचा दुसरा अधिकारी इयागो सूड उगवतो. सुरुवातीला तो थेट आरोप करत नाही. अर्धवट बोलून, मध्येच थांबून ऑथेल्लोच्या मनात पत्नी डेस्डिमोना व कॅशिओ यांच्या संबंधांविषयी संशय पेरतो. डेस्डिमोनाचा हरवलेला रुमाल कॅशिओच्या खोलीत टाकून तो त्या संशयाला पुरावाही पुरवतो. ऑथेल्लो निरपराध पत्नीला गुदमरवून मारतो. इयागोची पत्नी एमिलिया कपट उघडकीस आणते व त्याच्याच हातून मरते. सत्य कळल्यावर ऑथेल्लो आत्महत्या करतो. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे मराठी भाषांतर १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले, गो. ब. देवलांचे झुंझारराव (१८९०) हे रूपांतर रंगभूमीवर गाजले.