वाऱ्याची साक्ष

लहानपणी नरकचतुर्दशीच्या पहाटे खिडकी उघडली, की गल्लीत कोणीतरी आपल्याआधी फटाका उडविला आहे हे मला वासावरूनच कळे. आवाज विरलेला असे, उडविणारा पळालेला असे; वास मात्र चुगली करी. पुढे राष्ट्रेही एकमेकांच्या अणुबाँबचा माग असाच हवेतून काढतात हे वाचनात आले, तेव्हा मला मौज वाटली आणि थोडी धास्तीही.

या विद्येचा आरंभ १९४४ सालचा. जर्मनी गुपचूप अणुभट्टी चालवीत आहे काय, अशी शंका अमेरिकेला होती. युरेनियमचा अणू दुभंगला म्हणजे झेनॉन-१३३ नावाचा किरणोत्सर्गी वायू उत्पन्न होतो. तोच हवेत शोधावा, असे लुई अल्व्हारेझ या शास्त्रज्ञाने सुचविले. विमाने जर्मनीवरून फिरली, हवेतला वायू कोळशात धरून तपासला गेला. हाती काहीच लागले नाही, कारण तशी भट्टी तेथे चालू झालेलीच नव्हती. चोर नव्हता, पण माग काढण्याची युक्ती मात्र गवसली.

२९ ऑगस्ट १९४९ रोजी रशियाने पहिला अणुस्फोट केला आणि तोंडातून अवाक्षर काढले नाही. पण ३ सप्टेंबरला जपानहून अलास्काकडे निघालेल्या अमेरिकन विमानाच्या गाळणकागदावर किरणोत्सर्गी धूळ बसली. २३ सप्टेंबरला ट्रूमन यांनी ती बातमी जगाला सांगितली. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे थोडेच राहते!

१९६३ च्या मॉस्को करारानंतर करारात सामील झालेल्या राष्ट्रांचे स्फोट जमिनीखाली गेले. धूळ तेथेच गाडली जाऊ लागली. आता साक्षीदार उरला तो झेनॉन. हा मोठा विरक्त वायू! सहसा कोणाशी संयोग पावत नाही, पावसाने धुतला जात नाही, खडकांच्या भेगांतून हळूच वर येतो. मात्र दर सव्वापाच दिवसांनी तो निम्मा होतो. म्हणून साक्ष घ्यायची ती लवकर.

९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तर कोरियाने अणुचाचणी केल्याचे जाहीर केले. धक्का इतका लहान, की स्फोट खरोखर अणूचाच की साध्या दारूगोळ्याचा, याचा वाद झाला. भूकंपमापकाला तेवढे सांगता येत नाही. सुमारे दोन आठवड्यांनी, सात हजार किलोमीटरांहून दूर, कॅनडातील यलोनाइफ येथे झेनॉन सापडला आणि वारा कोठून आला याचे गणित मांडून त्याचा उगम कोरियाकडे नेता आला.

परंतु ही साक्ष अचूकच मिळते असे नव्हे. २००९ च्या कोरियन चाचणीनंतर आंतरराष्ट्रीय केंद्रांना वायूचा मागमूस लागला नाही. २०१३ च्या चाचणीनंतर तो जपानमधील ताकासाकी येथे ५५ दिवसांनी आढळला. शिवाय औषधांसाठी किरणोत्सर्गी द्रव्ये बनविणारे कारखानेही झेनॉन सोडतात. म्हणून त्याच्या निरनिराळ्या भावंडांचे प्रमाण ताडून निवाडा करावा लागतो.

अणुचाचण्या थांबवाव्यात, असे नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत सांगितले होते. सर्व चाचण्यांवर बंदी घालणारा करार १९९६ मध्ये सह्यांसाठी खुला झाला. त्यावर भारताने सही केलेली नाही, आणि तो अद्याप अमलातही आलेला नाही. त्याच्या ८० हवा-केंद्रांच्या योजनेत ४० ठिकाणी हा वायू पकडण्याची सोय आहे. कागदावरचा करार असा अडला आहे. वारा मात्र कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. एकाच्या अंगणातला धूर दुसऱ्याच्या खिडकीत येणारच, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होते.