मोडलेल्या हाताची निगा

कोल्हापूर ही मल्लांची नगरी. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत, १९१२ सालीं, येथें खासबागेचें कुस्तीमैदान उभें राहिलें. अशा गांवांत मनगट मोडलें म्हणजे नुसतें हाड मोडत नाहीं. पकड जाते, आणि पकड गेली कीं मल्लाजवळ उरतें काय? हाड सांधणें आणि हात परत मिळविणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हा भेद सुश्रुतसंहितेनें फार पूर्वीं ओळखला. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली व वेळूच्या कांबी बांधून हाड स्थिर करावें, असें ती सांगते. पण तिची खरी जाण दिसते ती बंधाविषयीं. बंध सैल राहिला तर सांधा हलतो. अति आवळला तर सूज, ठणका व त्वचेचा पाक होतो. म्हणून तो थंडींत सातव्या, मध्यम ऋतूंत पांचव्या व उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं सोडून पुन्हां बांधावा.

पुढें १८५२ सालीं नेदरलंड्सच्या मातायसेन नामक लष्करी शल्यवैद्यानें कापडांत प्लास्टरची भुकटी चोळून तें भिजवून गुंडाळण्याची युक्ति प्रसिद्ध केली. हा साचा घरीं सोडतां येत नाहीं. हा त्याचा गुण, आणि धोकाहि तोच. कारण आंत सूज चढली तरी तो जागा देत नाहीं. आवळलेल्या बंधानें रक्त अडून स्नायु मरतात व बोटें कायमचीं आखडतात, हें जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यानें १८८१ सालीं दाखविलें. हाड सांधलेलें असतें, हात मात्र गेलेला असतो.

तेव्हां पहिले दोनतीन दिवस हात उशीवर उंच ठेवावा आणि साच्यापेक्षां बोटांकडेच पाहावें. तीं निळीं वा पांढरीं पडलीं, बधिर झालीं, किंवा सरळ करतांना असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहतां डॉक्टर गांठावा. खाज सुटली म्हणून आंत विणकामाची सुई घालूं नये. घरोघरच्या वडीलधाऱ्यांना हा मोह फार! मोकळीं राहिलेलीं बोटें, कोपर व खांदा डॉक्टरांच्या सल्ल्यानें रोज हलवीत जावे.

साचा निघाल्यावर हात बारीक व ताठर दिसतो आणि घरचीं माणसें घाबरतात. तळहाताच्या मोडीसाठीं सुश्रुतानें येथें क्रम दिला आहे : हातांत प्रथम मातीचा गोळा धरावा, नंतर मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड. आज त्या जागीं मऊ रबरी चेंडू देतात.