लाहोरला उभे राहिलेले ठाणेकर पंच

कसोटी क्रिकेट १८७७ मध्ये सुरू झालं आणि पुढची शंभराहून अधिक वर्षं एक रीत जवळपास अबाधित राहिली: सामना ज्याच्या घरी, पंचही त्याच्याच घरचे. पंच कितीही सचोटीचा असो, यजमानांच्या पथ्यावर पडणारा एखादा पायचीत दिला की पाहुण्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायचीच.

फुटबॉल याबाबतीत पुढे होता. १४ जून १९७४ रोजी विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि चिली पश्चिम बर्लिनमध्ये भिडले, तेव्हा शिट्टी तुर्कस्तानच्या दोआन बाबाजान यांच्याकडे होती. त्यांनी चिलीच्या कार्लोस काझेलीला लाल कार्ड दाखवलं. विश्वचषकातलं ते पहिलं लाल कार्ड, आणि तेही त्रयस्थ देशाच्या माणसाने दिलेलं.

क्रिकेटला त्रयस्थ पंचांसाठी आणखी बारा वर्षं लागली. १९८६ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ पाकिस्तानात आला. आपल्या विजयाला कुणी नावं ठेवू नयेत, म्हणून पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खानने तटस्थ पंचांचा आग्रह धरला. ७ नोव्हेंबरला लाहोर कसोटीत दोन भारतीय पंच मैदानात उतरले: व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर.

रिपोर्टर ठाण्याचे, पारशी. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात ते नोकरीला होते. कसोटी पंच म्हणून त्यांना तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

तेव्हा ना तिसरा पंच, ना रिप्ले. वेस्ट इंडिजच्या माल्कम मार्शलसारखा गोलंदाज धावत येतो. आधी त्याचा पुढचा पाय रेषेवर कुठे पडतो ते पाहायचं, मग पापणी लवते न लवते तोच नजर समोरच्या यष्टींवर न्यायची. चेंडू पॅडवर आदळला, तर टप्पा कुठे पडला, बॅट लागली का, यष्टी चुकली असती का, हे सगळं तिथल्या तिथे ठरवायचं, आणि तेही अपिलाच्या गलक्यात.

पाकिस्तानचे डाव १३१ आणि ७७ धावांत आटोपले. ज्यांनी तटस्थ पंच मागवले, तेच तिसऱ्या दिवशी डावाने हरले! पुढच्या कराची कसोटीतही हीच जोडी उभी राहिली. तो सामना अनिर्णित राहिला आणि मालिका १-१ अशी सुटली.

१९९४ मध्ये प्रत्येक कसोटीत एक तटस्थ पंच ठेवण्याचा नियम आला, २००२ मध्ये दोघेही तटस्थ ठेवण्याचा. रिपोर्टर यांनी १४ कसोटी आणि २२ एकदिवसीय सामन्यांत पंचगिरी केली, १९९२ च्या विश्वचषकातही ते होते. ३ सप्टेंबर २०२३ रोजी ते गेले. तटस्थ पंचांचा इतिहास कुणी मराठीत लिहील, तेव्हा त्याची सुरुवात या ठाणेकरापासून व्हायला हवी.