रॅम्पवरचा कोट आणि शिंप्याची कात्री

लग्नाच्या स्वागतसमारंभात हल्ली तरुण मुलांचे जे पोशाख दिसतात, त्यांवर आमच्या पिढीत टीकाच अधिक होते. कोट आखूड, पाटलोण तंग, गळ्याशी टायऐवजी उघडी गुंडी. ‘हे सारे दूरदर्शन संचावर पाहून आले’ असे म्हणून आम्ही मोकळे होतो. परंतु परक्या मंचावरचे वस्त्र पाहावे आणि ते आपल्या अंगाच्या बेताने, आपल्या संध्याकाळीसाठी शिवून घ्यावे, ही रीत आजची नव्हे. ज्या काळ्या सुटाला आम्ही ‘जुना, सभ्य पोशाख’ म्हणून मान देतो, तोही असाच वरून खाली आलेला आहे.

१८६५ साली इंग्लंडच्या युवराजांनी, म्हणजे पुढे सातवे एडवर्ड झालेल्या राजपुत्रांनी, लंडनच्या सॅव्हिल रोवरील हेन्री पूल यांच्या पेढीकडून एक आखूड कोट शिवून घेतला. मागे लांब शेपटे असलेला औपचारिक कोट घालून रोज जेवायला बसण्याचा त्यांना कंटाळा आला होता. घरगुती भोजनासाठी केलेली ही सवलत दोन पिढ्यांत जगभरच्या मेजवान्यांचा नियम होऊन बसली. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या धनिकांच्या वसाहतीवरून त्याला ‘टक्सिडो’ हे नाव पडले. या कोटाखाली कमरेला जो रेशमी पट्टा बांधतात, त्याचे इंग्रजी नाव आपल्याच ‘कमरबंद’ शब्दावरून आले आहे. हिंदुस्थानच्या उकाड्यात जाकीट सहन होईना, म्हणून गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी तो उचलला. तेव्हा उसनवारी कोणी कोणाची केली, हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

पुरुषाने मंचावर चालून कपडे दाखवावेत, ही कल्पना मात्र बरीच उशिरा आली. १९५१ साली जोव्हान्नी बात्तिस्ता जोर्जिनी यांनी फ्लॉरेन्समधील आपल्या घरी अमेरिकन व्यापाऱ्यांना बोलावून इटालियन वस्त्रांचे प्रदर्शन भरविले. ते स्त्रियांच्या पोशाखांचे होते. पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यातील श्वेत दालनात रोमच्या ब्रिओनी या शिवणपेढीने पुरुषांचे कपडे पुरुषांच्याच अंगावर चढवून दाखविले. पुरुषांचा हा पहिला फॅशन शो मानला जातो. नाझारेनो फोंतिकोली हे कात्रीचे उस्ताद आणि गाएतानो साव्हिनी हे व्यवहाराचे, अशा दोघांनी १९४५ साली, युद्ध संपले त्याच वर्षी, ही पेढी काढली होती. करड्या आणि काळ्या रंगांत बुडालेल्या पुरुषाला त्यांनी पुन्हा रेशीम आणि रंग दिले.

आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटते ती कथा मात्र पिएर कार्दँ यांची. जन्म १९२२ साली इटलीत, व्हेनिसच्या परिसरात. लहानपणीच कुटुंबासह फ्रान्समध्ये आले आणि शिंपीकाम शिकून १९५० साली पॅरिसमध्ये त्यांनी स्वतःचे घराणे उभारले. १९६० साली त्यांनी पुरुषांसाठी पहिला संग्रह मांडला तेव्हा धंदेवाईक मॉडेल न घेता विद्यार्थ्यांना मंचावर चालविले. कोट नळीसारखा सरळ, अंगाबरोबर बसणारा, आणि मुख्य म्हणजे कॉलर नसलेला. शंभर वर्षे कोटाची ओळख ज्या दुमडलेल्या कॉलरने होत असे, तीच त्यांनी कापून टाकली. तो पोशाख जसाच्या तसा घालून कोणी गृहस्थ संध्याकाळी जेवायला गेला असता तर बहुधा हसेच झाले असते.

तो कोट लोकांच्या अंगवळणी पाडला लंडनच्या सोहो भागातील डगी मिलिंग्ज या शिंप्याने. १९६३ साली बीटल्स या चार तरुणांच्या गायकवृंदासाठी त्याने बिनकॉलरचे सूट शिवले. गळा गोल ठेवला, कडेने गडद गोट लावली, आत पांढरा सदरा आणि साधा काळपट टाय. येथेच त्या कारागिराची समज दिसते. नवे एकच ठेवले, बाकी सारे जुन्या वळणाचे. म्हणून ज्या आईबापांना त्या मुलांचे केस पाहवत नव्हते, त्यांनाही त्या कोटात एक नीटनेटकेपणा दिसला. श्रेय कार्दँ यांचे की मिलिंग्जचे, यावर पुढे वाद झाला. आमच्या मते कल्पना एकाची आणि बेतणे दुसऱ्याचे. आणि बेतणे हे काही कमी प्रतीचे काम नव्हे.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात ‘नेहरू जॅकेट’ची लाट युरोप-अमेरिकेत आली आणि लवकरच ओसरली. पंडितजी स्वतः गुडघ्यापर्यंतची अचकन घालीत. तिकडच्या शिंप्यांनी तिची उभी कॉलर तेवढी घेऊन कोट आखूड केला. असो.

पुढे जॉर्जो आर्मानी यांनी मिलानमध्ये कोटाच्या आतला कॅनव्हास, खांद्याची भरणी आणि अस्तर काढून टाकले. १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’ चित्रपटात रिचर्ड गिअर यांच्या अंगावर तो सैल, मऊ कोट जगाने पाहिला. पोट सुटलेल्या चाळिशीच्या माणसालाही त्यात संध्याकाळभर सुखाने बसता येई. २०२५ साली आर्मानी निवर्तले, तरी ही त्यांची देणगी कपाटाकपाटांत आहे.

याउलट २००१ नंतर हेदी स्लिमान यांनी दिओर या घराण्यासाठी पुरुषांचे अतिशय अरुंद सूट केले. ते अंगात यावेत म्हणून कार्ल लागरफेल्ड यांच्यासारख्या नामवंत वस्त्रकाराने साठीनंतर सुमारे ४२ किलो वजन उतरविले. हे वाचून कौतुक वाटावे की काळजी, हे आम्हांला ठरविता येत नाही. श्रीमंत वस्त्रकाराच्या दिमतीला वैद्य असतात. आपल्या घरातला विशीचा मुलगा आरशासमोर उभा राहून स्वतःच्याच अंगाला दोष देऊ लागतो, तेव्हा त्याच्याजवळ कोण असते? कोट उसवता येतो, मापाला दोन बोटे कापड सोडता येते, ही साधी गोष्ट त्याला तयार कपड्यांच्या दुकानात कोणी सांगत नाही. ती पूर्वी गल्लीतला शिंपी सांगे.

बीटल्सच्या १९६४ सालच्या ‘अ हार्ड डेज नाईट’ या चित्रपटात मिलिंग्ज स्वतः शिंप्याच्या छोट्याशा भूमिकेत दिसतात. ते त्या मुलांची मापे घेण्याचा प्रयत्न करीत असतात, मुले काही स्थिर उभी राहत नाहीत, आणि जॉन लेनन कात्री उचलून, एखाद्या पुलाचे उद्घाटन करावे तशा थाटात, त्यांची मापाची टेपच कापून टाकतो.