गगनचुंबी इमारती, भारतातील

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) १५ मीटर किंवा त्याहून उंच असलेली इमारत ‘उंच इमारत’ ठरते. या हिशेबाने उपनगरातली पाच-सहा मजल्यांची साधी सोसायटीही उंचच म्हणायची. लोकांच्या बोलण्यातला ‘टॉवर’ त्याच्या कितीतरी वर सुरू होतो. जगभरात ३०० मीटरांपुढच्या इमारतींची गणना ‘सुपरटॉल’ या वर्गात होते. भारतात ही रेषा गाठणाऱ्या मोजक्या इमारतींपैकी वरळीची ‘पॅले रॉयाल’ (सुमारे ३२० मी.) आणि महालक्ष्मीची ‘लोखंडवाला मिनर्व्हा’ (सुमारे ३०० मी.) या दोन प्रमुख असून दोघींमधले अंतर दोन-तीन किलोमीटरच आहे. कोलकात्यात चौरंगीवर ६५ मजल्यांची ‘द फॉर्टी टू’ (सुमारे २६० मी.) आहे. हैदराबादेत कोकापेट भागात २३५ मीटरांपर्यंत मजल गेली आहे. गुरुग्राम आणि नोएडाही मागे नाहीत. तरीही देशातल्या उंच इमारतींचा इतिहास मुख्यतः मुंबईचा इतिहास आहे.

उंचीचे आकडे वाचताना थोडी सावधगिरी हवी. कोणी गच्चीपर्यंत मोजतो, कोणी वरचा शोभेचा कळस धरून. ताडदेवच्या ‘इम्पीरियल’ जोड-टॉवरची (२०१०) उंची याच कारणाने वेगवेगळ्या याद्यांत चाळीसेक मीटरांनी वेगळी दिसते. मजल्यांच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये. वाहनतळाचे पोडियम मजले धरायचे की नाहीत, तेरावा मजला गाळायचा की नाही, हे बहुधा विक्री विभाग ठरवतो.

इतिहास : पहिला मान मद्रासचा. माउंट रोडवरील आयुर्विमा महामंडळाची इमारत (सुमारे ५४ मी.) १९५९ मध्ये पुरी झाली. तिचा मूळ बेत एका खासगी विमा कंपनीचा आणि अठरा मजल्यांचा होता. कंपनीचे प्रमुख एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार १९५४ मध्ये सिंगापूर येथील विमान अपघातात दगावले, १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि इमारत ठरल्यापेक्षा ठेंगणी राहिली. बेत मोठा आणि बांधकाम त्याहून कमी, हा प्रकार पुढेही वारंवार दिसतो.

साठच्या दशकात मुंबईत कारमायकल रोडवर ‘उषाकिरण’ (सुमारे ८० मी.) उभी राहिली आणि तेव्हापासून अग्रमान मुंबईकडे आला. सत्तरच्या दशकात समुद्रात भर घालून तयार केलेल्या नरिमन पॉइंट व कफ परेडच्या जमिनीवर एक्सप्रेस टॉवर्स, ओबेरॉय, एअर इंडिया, वर्ल्ड ट्रेड सेंटर (१५६ मी.) ही रांग उभी राहिली. ही सारी कचेऱ्यांची आणि हॉटेलांची उंची होती. राहत्या घराचा गांभीर्याने विचार केलेली इमारत म्हणजे कंबाला हिलवरची चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ (१९८३, ८४ मी.). मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, समुद्राचा देखावाही तिकडेच. पण दुपारचे ऊन आणि पावसाची झोडही त्याच बाजूने. कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून वर नेला. चौकोनी मनोऱ्याचे कोपरे दोन मजले उंच कोरून तिथे बागेची गच्ची ठेवली, आणि खोल्या तिच्या मागे आडोशाला घेतल्या. आजही पेडर रोडच्या बाजूने पाहिले तर ते रंगीत कोपरे ओळखू येतात. नंतरच्या काचबंद टॉवरांनी हा धडा गिरवला नाही, वातानुकूलन यंत्रांवर भिस्त ठेवली.

जमीन आणि नियम : गिरणगावात शतकभर सर्वांत उंच वस्तू म्हणजे गिरण्यांची धुराडी. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे सुचवले होते : महापालिकेला मोकळी जागा, म्हाडाला घरांसाठी जागा आणि उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती केली. शेड पाडल्यावर मोकळी होणारी जागा वाटपातून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. एका ओळीच्या या फेराने परळ-वरळीचे आकाश बदलले. श्रीनिवास मिलच्या जागी ‘वर्ल्ड वन’ (२८० मी.), श्रीराम मिलच्या जागी ‘पॅले रॉयाल’, अपोलो मिलच्या जागी ‘बेलिसिमो’ आले. कामगारांच्या वाट्याला म्हाडाची सोडत आली.

दुसरी किल्ली चटईक्षेत्र निर्देशांकाची, म्हणजे रोजच्या भाषेतल्या एफएसआयची. १९९१ च्या नियमावलीत शहर भागात तो अवघा १.३३ होता. एवढ्यात टॉवर बसत नाही. पण जुन्या उपकरप्राप्त चाळींचा पुनर्विकास केला, झोपडपट्टीवासीयांना घरे दिली किंवा सार्वजनिक वाहनतळ बांधून दिला, तर जादा चटईक्षेत्र मिळते. ‘इम्पीरियल’ हे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचेच फळ आहे. त्या जागेवर एम. पी. मिल कंपाउंडची वस्ती होती. ज्या शहरात जमिनीला सोन्याचा भाव आहे, तिथे प्रत्येक जादा चौरस फूट वर चढतो.

तिसरी मर्यादा विमानांची. सांताक्रूझ विमानतळाच्या उड्डाणमार्गांमुळे ठरावीक उंचीपुढे विमानतळ प्राधिकरणाची ना हरकत लागते. ‘वर्ल्ड वन’ ४४२ मीटरांची व्हायची होती. परवानगी न मिळाल्याने ती ७६ मजल्यांवर थांबली. चर्नी रोडच्या ‘इंडिया टॉवर’चा बेत तर सातशे मीटरांहून उंच होता. ती जेमतेम पायाच्या कामापर्यंत गेली.

बांधकाम : भारतातले टॉवर बहुतांशी सलोह काँक्रीटचे असतात, पोलादी सांगाड्याचे थोडे. पोलाद महाग, किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गंजणारे आणि आगीपासून वेगळे जपावे लागणारे. काँक्रीटचे वजन आणि कडकपणा वाऱ्यात इमारत कमी हलू देतो. मुंबईत संरचनेसाठी धरायचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. ५० ते २५० मीटर उंचीच्या काँक्रीट इमारतींसाठी २०१७ मध्ये आयएस १६७०० हे स्वतंत्र मानक आले. म्हणजे ‘वर्ल्ड वन’ त्याच्याही कक्षेबाहेर पडते.

मुंबईचा खडक बसाल्टचा, म्हणून गिरणगावात पाया तुलनेने सुखाचा. भराव घातलेल्या जागी मात्र पाइल खडकापर्यंत उतरवाव्या लागतात. तळाचा जाड राफ्ट एका दमात, रात्रंदिवस ओततात. एवढे काँक्रीट घट्ट होताना आतून तापते आणि तडकू शकते, म्हणून मिश्रणाच्या पाण्यात बर्फ घालतात. वरचे मजले पंपाने चढवतात. पूर्वी स्लॅबच्या दिवशी परांचीवरून घमेल्यांची साखळी लागायची. आता चार माणसे रबरी नळीचे तोंड धरतात, एक जण व्हायब्रेटर चालवतो आणि वरचा टॉवर क्रेनवाला वॉकीटॉकीवर सूचना घेतो. बिहार, झारखंड, बंगालहून आलेली ही माणसे साइटलगतच्या पत्र्याच्या वसाहतीत राहतात. अॅल्युमिनियमच्या साच्यांत (बोलीत ‘मिवान’) भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतले जातात, त्यामुळे आठ-दहा दिवसांत एक मजला चढतो. राहायला आलेल्यांना त्याचा प्रत्यय तसबीर लावताना येतो : भिंतीत खिळा शिरत नाही, ड्रिल आणावे लागते.

पाण्याचीही वेगळी सोय लागते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार. गच्चीवरच्या टाकीतून सरळ नळ खाली आणला तर २८० मीटरांच्या इमारतीत तळमजल्यावर २८ बार दाब येईल आणि घरातले नळ फुटतील. म्हणून मधल्या मजल्यांवर टाक्या आणि दाब घटवणाऱ्या झडपा बसवतात.

आग : मुंबई अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरांपर्यंत पोहोचते. त्यावर लागलेली आग इमारतीने स्वतःच्या फवाऱ्यांनी, पंपांनी आणि जिन्यांनी हाताळायची असते. यासाठी २४ मीटरांच्या वर एक आणि पुढे दर सात मजल्यांनी एक ‘रेफ्यूज एरिया’, म्हणजे आश्रयाची मोकळी जागा सक्तीची आहे. संकटात रहिवाशांनी तिथे जमायचे. एरवी तिथे मुलांच्या सायकली आणि जुनी कपाटे जमतात. ही जागा चटईक्षेत्रात मोजली जात नाही, त्यामुळे ती किती मोठी असावी यावर खटलेही झाले. ‘पॅले रॉयाल’ वर्षानुवर्षे न्यायालयात अडकली त्यात आश्रय-मजल्यांचे क्षेत्रफळ आणि वाहनतळाची इमारत हे मुख्य मुद्दे होते.

पाडकाम : नोएडातील अपेक्स आणि सियान या जोड-टॉवरांना सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी बेकायदा ठरवले. दोन इमारतींमध्ये आवश्यक अंतर न ठेवता आणि शेजारच्या रहिवाशांची संमती न घेता ते बांधले होते. चाळीस मजल्यांचा बेत होता, काम अनुक्रमे ३२ आणि २९ मजल्यांवर थांबले होते. एका मुंबईकर कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञांच्या साहाय्याने खांबांना हजारो भोके पाडून त्यांत सुमारे ३,७०० किलो स्फोटके भरली. २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता, कुतुबमिनारापेक्षा उंच असलेले हे दोन्ही टॉवर अवघ्या काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. ज्यांनी खटला लढवला होता, ते शेजारच्या सोसायटीतले रहिवासी सकाळीच घरे रिकामी करून गेले होते. आसपासच्या सोसायट्यांच्या दर्शनी भागांवर धूळ बसू नये म्हणून आधीच कापड लावून ठेवले होते.