जुन्नरचा पाऊस, एक परदेशी पाहुणा आणि हलाल सहल

पावसाळा सुरू झाला की मुंब्रा, भिवंडी, कोंढवा इथली तरुण जोडपी शनिवार-रविवारचा बेत आखू लागतात. लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेली, भाड्याच्या दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांसोबत राहणारी. माळशेजचे धबधबे, नाणेघाटात वाऱ्याने उलटं उडणारं पाणी, भीमाशंकरचं जंगल यांची नावं निघतात, आणि पाठोपाठ नेहमीचे प्रश्न येतात. तिकडे हलाल मिळेल का? नमाजला जागा असेल का? बुरखा पाहून कुणी वळून बघेल का?

हे प्रश्न अनेकांना आजचे वाटतात. काहींना ते हट्टाचेही वाटतात. मात्र परक्या गावात आपल्या धर्माप्रमाणे खाणं-पिणं आणि उपासना कशी सांभाळायची, हा प्रश्न जुन्नरच्या पावसात साडेपाचशे वर्षांपूर्वी एका प्रवाशाला पडला होता आणि त्याने तो लिहूनही ठेवला. तो प्रवासी मुसलमान नव्हता. तो ख्रिस्ती होता, आणि जुन्नरचा कारभार तेव्हा मुसलमानांच्या हाती होता.

पावसात अडकलेला व्यापारी

अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. वास्को द गामा भारतात पोहोचला १४९८ साली. निकितिन त्याच्या सुमारे तीन दशकं आधी, १४७०च्या आसपास, होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. सोबत विकायला आणलेला एक घोडा होता. दकनमध्ये चांगल्या जातीचे घोडे पैदा होत नसत, ते अरबस्तान-इराणकडून समुद्रमार्गे येत आणि त्यांना मोठी किंमत मिळे. चौलहून पालीमार्गे सह्याद्री चढून जुन्नर गाठायला त्याला तीन आठवड्यांहून जास्त लागले.

जुन्नर तेव्हा बहामनी सलतनतीत होतं. सलतनतीचा वजीर महमूद गवान, आणि त्याच्या हाताखाली असदखान नावाचा सरदार जुन्नरचा कारभार पाहत होता. निकितिन पोहोचला आणि पाऊस सुरू झाला. पुढचे दोन महिने तो जुन्नरलाच अडकला. चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, असं त्याने नोंदवलं आहे. याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात, घोड्यांना हरभरा आणि खिचडी घालतात, हेही त्याने पाहिलं. मुसाफिरांसाठी इथे उतारशाळा आहेत आणि तिथे पाहुण्याचं जेवण रांधून दिलं जातं, ही नोंदही त्याच्याकडे सापडते.

असदखान आणि खुरासानचा महंमद

हा घोडेवाला मुसलमान नाही, हे असदखानाला कळलं. त्याने घोडा काढून घेतला. तू इस्लाम स्वीकार, म्हणजे घोडा परत मिळेल आणि वर हजार मोहरा देईन. नाही स्वीकारलास तर घोडाही गेला आणि हजार मोहरा तूच भरायच्या, असा त्याचा हुकूम होता. विचाराला मुदत दिली चार दिवसांची. निकितिनच्या उपवासाचे दिवस चालू होते.

मुदत संपत आली तेव्हा खुरासानहून आलेला महंमद नावाचा एक प्रतिष्ठित मुसलमान जुन्नरात पोहोचला. निकितिनने त्याच्याकडे रदबदली मागितली. महंमद स्वतः खानाकडे गेला, या माणसाला धर्म बदलायला लावू नका असं सांगितलं आणि घोडाही सोडवून आणला.

आपण हा प्रसंग पूर्ण वाचला पाहिजे, सोयीचा अर्धा नाही. मध्ययुगीन दकन म्हटलं की एका बाजूला फक्त असदखान दाखवणारे आहेत, दुसऱ्या बाजूला असदखान झालाच नाही असं म्हणणारे. निकितिनच्या एकाच पानावर दोघेही आहेत. एकाने सत्ता वापरून पाहुण्याचा धर्म विकत घेऊ पाहिला. दुसऱ्याने काही देणंघेणं नसताना परक्यासाठी शब्द टाकला. धर्मात सक्ती नाही ही कुरआनची शिकवण त्या दिवशी जुन्नरात महंमदने पाळली, असदखानाने नाही. दोघांचा मजहब एकच होता.

निकितिनची पुढची अडचण आणखी ओळखीची वाटते. त्याचे धर्मग्रंथ वाटेतच लुटले गेले होते, त्यामुळे ईस्टर कधी आणि उपवास कधी, याचा हिशोब चुकू लागला. मुसलमानांचे रोजे आले तेव्हा त्यानेही त्यांच्यासोबत महिनाभर उपवास धरला. खरा धर्म कोणता ते ईश्वरालाच ठाऊक, एका ईश्वराला ओळखणं आणि पवित्र राहून त्याचं नाव घेणं हाच तो, अशा अर्थाचे विचार त्याच्या लिखाणात येतात. अनेक प्रार्थना त्याने तुर्की, अरबी, फारसी शब्दांत लिहिल्या आहेत. परतीच्या वाटेवर, घर गाठण्याआधीच तो वारला. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला, त्यात नर्गिस आणि बलराज साहनी होते.

धबधब्याच्या पलीकडचं पाणी

आज जुन्नरला जाणारं जोडपं बहुधा धबधबा पाहून, फोटो काढून परततं. ज्या मुलुखात आपण पाहुण्यासारखे बिचकत फिरतो, तिथे आपले पूर्वज काय करत होते, हे मात्र पाहायचं राहून जातं.

नाणेघाट हा दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा व्यापारी मार्ग. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. माथ्यावरचा दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता असं सांगतात. ‘जकात’ हा शब्द मराठीला अरबीतून मिळाला, मूळचा ‘जकात’ म्हणजे आपल्या पाच फर्जांपैकी एक. रांजण सातवाहनांचा आणि त्याच्या कराचं नाव अरबी, इतकी सरमिसळ या घाटात झालेली आहे.

निजामशाहीची सुरुवातही इथलीच. मलिक अहमद जुन्नरचा सुभेदार होता. त्याने १४९०मध्ये स्वतंत्र सत्ता उभी केली आणि अहमदनगर त्यानंतर वसवलं. त्याचा बाप मलिक हसन पाथरीच्या ब्राह्मण घराण्यात जन्मलेला. पुढे हबशी वजीर मलिक अंबरने पडत्या निजामशाहीची राजधानी काही काळ जुन्नरला आणली. गावाबाहेर हापूसबागेत सौदागर घुमट उभा आहे.

शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्याच गडावर कमानी मशीद आहे. दोन मिनारांना जोडणारी एकच कमान आकाशात दिसते आणि तिच्या पायाशी पाण्याचं टाकं आहे. पावसाचं पाणी साठवून गड जगवायचा आणि त्याच पाण्याने वुजू करायचा, ही बांधणाऱ्यांची समज होती. खाली गावात कागदी म्हणवणारे मुसलमान कारागीर वाहत्या पाण्याच्या आधाराने हातकागद तयार करत. जुन्नरी कागद मराठी दफ्तरांत नावाजलेला होता. मराठ्यांचा इतिहास ज्या कागदांवर उरला, त्यातला काही या कारागिरांच्या हातचा आहे.

आंबेगावकडे

जुन्नरहून दक्षिणेला आंबेगाव तालुका. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, कारभार घोडेगावहून चालतो. भीमाशंकरचं सदाहरित जंगल, शेकरू, आहुप्याची देवराई आणि कड्यावरून कोसळणारं पाणी, हे सगळं इथलं. हे जंगल महादेव कोळी आणि ठाकर आदिवासींनी राखलेलं आहे. हिरडा गोळा करून त्यांची कितीतरी घरं चालतात.

ज्या पावसासाठी आपण जातो तो इथल्या लोकांना नुसती मौज नसतो. ३० जुलै २०१४च्या सकाळी याच तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. त्या वाटेने जाताना गाण्याचा आवाज कमी करावा आणि मेलेल्यांसाठी दुआ करावी. प्रशासनाने धबधब्यावर बंदी घातली असेल तर मुकाट्याने मागे फिरावं. जीव सांभाळणं हेही दीनच आहे.

सहल हलाल कशाने होते

भीमाशंकर हे ज्योतिर्लिंग, लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांची ठाणी. अशा ठिकाणी मटणाची चौकशी करत फिरण्याची गरजच नाही. या भागाची खासियत मासवडी आहे. नाव मांसाहारी वाटतं, पण आत तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि बाहेर बेसन. झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी घ्यावी. तीही नको असेल तर घरून डबा न्यावा. प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोन होते, आणि तिला स्वच्छ जमिनीचा एक तुकडा पुरतो.

बायकोला घेऊन फिरायला जाणं हा चैनीचा किंवा लाजेचा विषय नाही. प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) हजरत आयशांशी (र.) धावण्याची शर्यत लावत. एकदा त्या जिंकल्या, पुढे कधीतरी ते जिंकले आणि त्यांनी हसत मागची फेड झाल्याचं सांगितलं. ज्या घरात नवरा-बायकोला दोन शब्द निवांत बोलायला कोपरा नाही, तिथल्या सुनेला दोन दिवस धुक्यात मोकळं चालता येणं ही मोठी गोष्ट आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनी ती अडवू नये.

हलाल म्हणजे जायज. तो शब्द ताटापुरता नाही. कमाई स्वच्छ असावी, कचरा आपल्यासोबत परत यावा, आदिवासी बाईकडून मक्याचं कणीस घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस होऊ नये, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं खाणं पाहून नाक मुरडू नये. आपल्याला हलाल मिळावं असं वाटत असेल, तर आपल्या मोहल्ल्यात आलेल्या शाकाहारी पाहुण्याला वेगळ्या भांड्यात रांधून देण्याची तयारीही हवी. जुन्नरात निकितिनला घोड्याइतकीच त्याची गरज होती, आणि ती ओळखणारा एक माणूस त्याला मिळाला.