पत्ता पिसणारा हात

मराठीत ‘पत्ते पिसत बसणे’ म्हणजे रिकामटेकडेपणाची परमावधी. परीक्षेच्या दिवसांत मुलगा पत्ते पिसताना दिसला की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजावे. पण ज्या कामाला आपण इतके क्षुल्लक मानतो त्या कामावाचून पत्त्यांचा एकही डाव सुरू होत नाही, आणि पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्याचे तर पानही हलत नाही. आमच्या नागपुरातही हल्ली ‘टॅरो’ नावाचे पत्ते मांडून भविष्य सांगणारी मंडळी आहेत. पत्ते उघडण्यापूर्वी ती ते पुन्हा पुन्हा पिसतात, प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती देतात, त्याच्याकडून काटून घेतात. पाहणाऱ्याचे सारे लक्ष पुढे उघडणाऱ्या चित्रांकडे असते. मला मात्र त्या चित्रांपेक्षा त्याआधीच्या या पिसण्याचे कुतूहल अधिक वाटते. माणसाने दैवाला प्रश्न विचारताना स्वतःच्या हाताला कसे आवरले, याचा इतिहास त्यात दडलेला आहे.

हे टॅरोचे पत्ते मुळात भविष्याचे नव्हेतच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा येथल्या दरबारी वर्तुळांत, ते खेळासाठी जन्मले. एका जोडात ७८ पत्ते. चार रंगांचे मिळून ५६, आणि हुकमाचे काम करणारे २२ चित्रपत्ते. तीनशे वर्षे लोक या पत्त्यांनी हात जिंकत होते आणि हरत होते. १७७० मध्ये ‘एतेइया’ असे टोपणनाव घेतलेल्या एका फ्रेंच गृहस्थाने साध्या पत्त्यांवरून भविष्य पाहण्याचे पुस्तक काढले. पुढे १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने, टॅरो म्हणजे प्राचीन मिसर देशाचे गुप्त ज्ञान होय, असे छापून टाकले. मौज अशी की, मिसरची चित्रलिपी त्या वेळी युरोपात कोणाला वाचताच येत नव्हती! पण कथा रुजली ती रुजलीच. १९०९ मध्ये लंडनला आर्थर वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेला जोड प्रसिद्ध झाला, आणि तो जगभर पसरला. वेट यांनी आपल्या पुस्तकात पिसण्याचा विधीही सांगून ठेवला. पत्ते पालथे धरून पिसावेत आणि काटावेत, असे तीनदा करावे. खेळात जी रीत लबाडी टाळण्यासाठी होती, तिला भविष्यात मंत्राचे मोल आले.

आता आपल्या घराकडे वळू. टॅरोच्या तोडीचे चित्रपत्ते आपल्याकडेही होते. ते म्हणजे गंजिफा. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त या खेळाचे वर्णन आहे. महाराष्ट्रात आणि कोकणात त्यांना दशावतारी रूप मिळाले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पत्ते. ज्या ओढिया प्रांतावर १७५१ ते १८०३ पर्यंत आमच्या नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तिथेही हा खेळ ‘गंजपा’ नावाने राहिला. सावंतवाडीला ही कला अगदी विझू घातली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती वृद्ध चिताऱ्याकडून समजून घेऊन पुन्हा उभी केली, आणि २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले.

गंजिफाचा पत्ता गोल असतो. त्यामुळे तो आपल्या पत्त्यांसारखा फरफर पिसता येत नाही. कापडावर पालथे पसरून दोन्ही हातांनी, भात कालवावा तसे ते कालवावे लागतात. शिवाय गोल पत्त्याला टॅरोसारखे ‘सुलटा’ आणि ‘उलटा’ असे दोन अर्थ चिकटत नाहीत. साक्षात दहा अवतार हाती असूनही गंजिफा मुख्यतः खेळच राहिला. भविष्याचे काम आपल्या लोकांनी दुसऱ्या साधनांवर सोपविले होते.

ती साधने नीट पाहिली तर प्रत्येकीत पिसण्याची आपापली रीत सापडते. कोकणात देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या किंवा भिजवलेले तांदूळ चिकटवतो आणि हात मागे घेतो. उजवीकडचे पडले तर उजवा कौल, डावीकडचे पडले तर डावा. आमच्या विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात गोल आखून कडेने अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, पुरी, कुरडई मांडतात. मग सगळे निघून जातात. रात्रभर तिथे कोणी फिरकायचे नाही. पहाटे येऊन कोणता दाणा हलला, कोणते ढेकूळ भिजले ते पाहून पीकपाण्याचा अंदाज सांगतात. रात्रीचा वारा आणि किडामुंगी हेच तिथले पिसणारे. या भाकितांना शास्त्राचा आधार नाही, असे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते सांगत आले आहेत, आणि ते खरेच आहे. तरीही वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्या मांडणीत एक गोष्ट पटते. रात्री तिथे कोणाचा हात लागलेला नसतो.

याउलट फुटपाथवरच्या पोपटवाल्याचे पाहा. पोपट पिंजऱ्यातून बाहेर यायचा, चिठ्ठ्यांच्या ओळीतून एक ओढायचा आणि दाणा खाऊन परत आत जायचा. ती चळत कोणी गिऱ्हाइकासमोर पिसली किंवा गिऱ्हाइकाकडून काटून घेतली, असे मी तरी कधी पाहिले नाही. आता वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यामुळे आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांमुळे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाच गुन्हा आहे. तेव्हा तो विषय संपला. असो.

टॅरोवाले पिसतात त्याच्या मुख्य रीती तीन. पहिली आपल्या घरोघरची, म्हणजे हातातल्या चळतीतले थोडे थोडे पत्ते वरून काढून खाली टाकीत जाणे. दुसरी, दोन चळती करून अंगठ्यांनी कडा सोडीत त्या एकमेकींत गुंतविणे. टॅरोचे पत्ते मोठे असल्यामुळे ही रीत लहान हातांना जड जाते. तिसरी गंजिफाचीच, पसरून कालविण्याची. यातला भेद गमतीचा आहे. पहिल्या रीतीने कितीही पिसा, एकही सुलटा पत्ता उलटा होणार नाही. तो फिरतो कालविण्यातच, किंवा एखादी चळत मुद्दाम फिरविली तर. म्हणजे उलट्या पत्त्याने सांगितलेले अरिष्ट हे पुष्कळदा पिसण्याच्या रीतीचे देणे असते.

गणितज्ञांनीही यात लक्ष घातले आहे. बायर आणि डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखविले की, ५२ पत्ते पुरते मिसळायला गुंतविण्याच्या रीतीने सुमारे सात वेळा पिसावे लागते. आपल्या घरगुती रीतीने तेच काम व्हायला हजारो वेळा पिसावे लागेल! ७८ पत्त्यांचे जितके क्रम लागू शकतात तो आकडा लिहायला ११६ अंक लागतात. दोन-चारदा चळत हलविल्याने एवढ्या समुद्रातले काय ढवळले जाणार? आधीच्या गिऱ्हाइकाचे पत्ते बरेचसे तसेच शेजारी शेजारी राहतात, आणि नव्या माणसाला जुन्याचे भविष्य ऐकावे लागते.

पत्त्यांच्या बैठकीत ही चूक पचून जाते; सर्वत्र पचत नाही. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धासाठी तरुणांची सोडत काढण्यात आली. वर्षाच्या ३६६ जन्मतारखा कुप्यांत घातल्या होत्या. त्या महिन्यामागून महिना भरल्या आणि नीट ढवळल्याच नाहीत. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांच्या तारखा आधी निघाल्या. पहिल्या १९५ क्रमांकांच्या तरुणांना बोलावणे गेले. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी त्यातून फक्त ५ सुटल्या. पुढच्या वर्षी सरकारला सोडतीची पद्धत बदलावी लागली. एका कंटाळलेल्या हाताने अर्धवट ढवळले, आणि किती घरांतली मुले त्यामुळे रणात गेली असतील!

आपल्याकडेही सोडतीवर निवाडे होतात. दोन उमेदवारांना समान मते पडली तर चिठ्ठी टाकण्याची कायद्याने सोय आहे. २०१७ च्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांची मते सारखी झाली, तेव्हा एका लहान मुलीच्या हातून चिठ्ठी काढविली गेली आणि शहा निवडून आले. लहान मूल का? त्या निकालात ज्याचा काही स्वार्थ नाही असा हात हवा म्हणून. भेंडवळची सुनी रात्र, गुरवाचा मागे घेतलेला हात आणि ही मुलगी, तिघांचे काम एकच.

म्हणून पत्त्यांच्या बैठकीतला आपला जुना शिरस्ता मला सर्वांत शहाणा वाटतो. एकाने पिसावे, दुसऱ्याने काटावे. पिसणाऱ्यावर अविश्वास दाखविण्यासाठी कोणी काटत नाही. त्याच्यावर कोणाला संशय घेता येऊ नये म्हणून काटतात. भविष्यावर माझा विश्वास नाही, पण ज्याला टॅरोकडे जायचेच असेल त्याने एवढे तरी पाहावे, की पत्ते आपल्यासमोर चांगले कालवले गेले काय, आणि काटायला आपल्या हाती आले काय. यंदा फराळाची ताटे उचलल्यावर घरोघर झब्बू आणि मेंढीकोट रंगतील. तेव्हा धाकट्यांना पिसायला द्यावे, पिसताना घाई करू देऊ नये, आणि वडीलधाऱ्यांनी काटायचे विसरू नये.